सगुणाबाईंची नडगी

सगुणाबाई काकड आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येतात, आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी मला वैताग आणला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बरं लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की आमचं छान जमतं. जमत नाही.

ठरलेली वेळ साडेसातची. त्या येतात सात वाजून दहा मिनिटांनी. मी एकदा म्हटलं, "सगुणाबाई, वीस मिनिटं लवकर येणं म्हणजे वेळेवर येणं नव्हे." त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या, "मंग काय खाली स्कूटीवर बसून ऱ्हाऊ? गारठा लय हाय काकू, सरका."

त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. स्कूटी बावन्नाव्या वर्षी सुनेकडून, संजनाकडून, शिकल्या. त्याआधी त्यांच्या मखमलाबादहून आमच्या गंगापूर रोडपर्यंत चालत यायच्या, डोक्यावर मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन. नवरा पुंजा अजूनही थोड्याशा जमिनीत शेपू, मेथी आणि झेंडू करतो. भाजी विकता विकताच एका घरी बाळंतीण रडताना दिसली, न्हाऊ घालणारी बाई आली नव्हती म्हणून. सगुणाबाईंनी पाटी जिन्यात ठेवली आणि पदर खोचला. सासू गावात हेच काम करायची, त्यामुळे हात बसलेला होता. त्या दिवशी भाजी तशीच सुकली, पण घर मिळालं. मग त्या घराने दुसरं घर दिलं, दुसऱ्याने तिसरं. आता सकाळच्या सहा ते अकरात त्यांची सात घरं असतात.

पस्तीस वर्षांत किती मुलं न्हाऊ घातली, हे मी त्यांना विचारलं होतं. मला आकडा हवा होता. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? पायाला इचारा."

त्यांचं सगळं पायावर आहे. न्हाणीघरात पाट टाकून बसतात, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतात, दोन्ही पाय समोर लांब करतात आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालतात. खोबरेल तेल चोळताना बाळाच्या डोक्याची बाजू पावलांकडे, पाय यांच्या पोटाकडे. पाणी आधी स्वतःच्या नडगीवर ओतून बघतात, हाताने नाही. माझ्याकडे बाळाच्या पाण्यासाठी तापमापक आहे. पहिल्या दिवशी मी तो पाण्यात बुडवला तर त्यांनी तो उचलून खिडकीत ठेवला. "ताप बघायचा असंल तर तुमचा बघा," म्हणाल्या.

मुलांची नावं त्या घेत नाहीत. दुसऱ्या इमारतीतलं "रडकं", बँकेच्या वरचं "टकलू", कॉलनीतल्या तेजस्विनीची मुलगी "दांडगी". आमच्या बाळाचं बारसं छायाच्या आजारपणामुळे राहिलेलं, तेव्हा नाव नव्हतंच. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला त्या "भुकेलं" म्हणायला लागल्या, आणि तिथून आमचं बिनसलं.

छाया माझी मुलगी. सदतिसाव्या वर्षी, आठ वर्षांच्या औषधोपचारांनंतर तिला हे बाळ झालं. पुण्याहून ती बाळंतपणाला माझ्याकडे आली. पाच डिसेंबरला सिझेरियन झालं. दहाव्या दिवशी टाक्यांत पू झाला, ताप चढला, आणि तिला पुन्हा बारा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या औषधांत आणि तापात तिचं दूध आटलं. नंतर सगळे उपाय झाले. अळीव झाले, शतावरी झाली, दूध काढायचं यंत्र झालं. दूध आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "पावडरीचं द्या, बाळ उत्तम वाढेल, मनाला लावून घेऊ नका." पहिल्या दोन गोष्टी छायाने ऐकल्या, तिसरी नाही.

बाटल्या करायचं काम मी घेतलं. नोंदी ठेवणं मला अवघड नाही. शाळेत नन्सनी आम्हाला रोज दिवसभराच्या हकिगतीची पाच वाक्यं लिहायला लावली होती, ती सवय साठ वर्षांत सुटलेली नाही. आमचे हे गेले त्या दिवसाचीही पाच वाक्यं आहेत. तेव्हा बाळाच्या वहीत वेळ, किती मिली केलं, किती प्यायलं, किती उरलं, लंगोट किती, सगळं होतं. पाणी वीस मिनिटं उकळून निववलेलं. चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करायचा. रवी, माझा जावई, पुण्याहून व्हिडिओवर बघून म्हणाला होता, "आई, तुम्ही प्रयोगशाळेत असायला हव्या होत्या." मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

दोन महिने बाळ छान वाढलं. पाच फेब्रुवारीला वजन चार किलो सहाशे. डबा संपत आला. दुकानात त्या कंपनीचा माल नव्हता. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या वयाचा टप्पा तोच असला तर दुसऱ्या कंपनीची चालेल. मी निळ्या खोक्यातली पावडर आणली. खोक्यावरचा तक्ता चष्मा लावून दोनदा वाचला आणि कार्डावर उतरवून फ्रिजवर चिकटवला: साठ मिलीला एक चमचा, एकशेवीसला दोन. बाळ आता एकशेवीसवर गेलं होतं. जुन्या डब्यातून नव्वद मिलीला तीन चमचे लागायचे, इथे एकशेवीसला दोनच. मला वाटलं, ही पावडर जास्त सकस असणार. तसं वहीत लिहिलंही.

सहा तारखेपासून बाळ रडायला लागलं.

साधं रडणं नव्हे. बाटली संपायची, बाळ दोन मिनिटं शांत, आणि मग तोंड इकडेतिकडे फिरवून काहीतरी शोधत राहायचं. दुपट्ट्याचं टोक तोंडात, स्वतःची मूठ तोंडात, माझी हनुवटी जवळ गेली तर हनुवटी. मग चेहरा लाल, आणि किंकाळी. मी खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, फिरवायची, थोपटायची, गाणं म्हणायची. वीस मिनिटांनी थकून झोपायचं. तासाभराने पुन्हा तेच. माझे गुडघे त्या आठवड्यात कामातून गेले. बाटली नीट संपलेली दिसायची, वहीत "पूर्ण प्यायलं" लिहून होत नाही तोच मागून आवाज. एकदा मी पेन फेकलं. त्याचीही नोंद आहे.

सगुणाबाईंनी तिसऱ्या दिवशी, बाळ पायावर घेतल्या घेतल्या सांगितलं. "काकू, लेकरू भुकेलं हाय."

"आत्ताच एकशेवीस मिली प्यायलंय. सहा वाजून चाळीस मिनिटांनी."

"प्यायलं आसंल. भरलं नाय."

"म्हणजे काय?"

"माझ्या नडगीवर भार पडंना. मागच्या आयतवारी पडत व्हता."

मी त्यांना सांगितलं की वजन नडगीने करत नाहीत. त्यांनी बाळाच्या मांडीवरची वळी चिमटीत धरून मला दाखवली. "हे बगा. मोकळं कातडं." मला त्या चिमटीत काही दिसलं नाही. बाळ ओरडलं तेवढं ऐकू आलं.

इथे मला माझ्या बाजूने काही सांगायला हवं. सगुणाबाई रोज काही ना काही सांगत. बाळाला जायफळ चाटवा. टाळूवर तेलाचा बोळा ठेवा. धुरी द्या. ओव्याचं पाणी पाजा. गुटी सुरू करा. मधाचं बोट द्या, जीभ सुटते. नाक ओढा, सरळ होतं. यातलं एकेक मी डॉक्टरीणबाईंना विचारायची आणि एकेकावर काट मारायची. मधाबद्दल तर त्या फोनवर ओरडल्याच, "अजिबात नाही!" तेव्हा बारावी सूचना आली की बाळ भुकेलं आहे, ती मी आधीच्या अकरांच्या खाली लिहिली आणि विचारली नाही.

छायाने मात्र ऐकलं. ती आतल्या खोलीत झोपलेली असायची, पण न्हाणीघरातलं बोलणं तिला शब्दन्‌शब्द ऐकू जायचं. एका दुपारी बाळ माझ्या खांद्यावर आक्रोश करत होतं आणि ती पलंगावर बसून म्हणाली, "आई, त्याला माझंच दूध हवंय. ते शोधतंय. बघ ना, कसं शोधतंय."

"काही शोधत नाही. वारा धरलाय पोटात."

"आठ वर्षं थांबले त्याच्यासाठी, आणि त्याला पोटभर देता येत नाही मला."

मी म्हटलं, "छाया, आता तू सुरू करू नकोस. एक रडतंय तेवढं पुरे." हे वाक्य मी बोलले. ते वहीत नाही.

तेरा तारखेला बाळाला दाखवायला नेलं. वजनाच्या यंत्रावर आकडा आला चार किलो सहाशे तीस. आठ दिवसांत तीस ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी भुवया चढवल्या, विचारलं किती पाजता. मी वही पुढे केली. त्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि म्हणाल्या, "आजी, सगळ्या घरांत अशी वही असती तर माझं काम किती सोपं झालं असतं." मला बरं वाटलं. मग त्या गंभीर झाल्या. इतकं दूध पोटात जाऊन वजन वाढत नसेल तर कारण शोधायला हवं. तोवर रडलं तर वर आणखी साठ मिली द्या. सोमवारी या, तेव्हाही वजन असंच असेल तर रक्त तपासू, लघवी तपासू, गरज पडली तर एखादा दिवस दाखल करू.

त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं. मी सांगायचं ते लिहून दिलं होतं. प्रत्येक मिली खरा होता.

घरी आल्यावर छाया बाळाच्या मनगटावर अंगठा ठेवून बसली. "सुई कुठे टोचतील गं एवढ्याशा हातात?" म्हणाली.

शुक्रवारी सगुणाबाईंनी रक्ताचं ऐकलं आणि बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "रगात कशाला? दूध घट करा की."

"सगुणाबाई, ते म्हशीचं दूध नाही घट्ट करायला. पावडरीचं प्रमाण ठरलेलं असतं."

"आना बरं बाटली हिकडं."

मी आणली नाही. त्यांनी ओल्या पायांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः घेतली, उलटी करून चार थेंब मनगटावर पाडले, आणि मनगट खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. थेंब घरंगळून कोपरापर्यंत गेले. "बगा. पाणीच पळतंय. दुधाला पळायला टाइम लागतो. आमची म्हैस दोनदा आटली, तवा बी असलं दिलं नाय तिनं."

माझा तोल गेला. फरशीवर पाण्याचे ठसे, छाया दारात उभी राहून ऐकतेय, सोमवार तोंडावर आलेला. मी म्हटलं, "तुमचं काम आंघोळीचं. दुधाबद्दल या घरात आजपासून एक अक्षर बोलायचं नाही. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली. "बरं," म्हणाल्या. शनिवारी आल्या, न्हाऊ घातलं, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. फक्त बाळाला माझ्या हातात देताना एकदा हाताने तोललं आणि माझ्याकडे बघितलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

रविवारी सोळा तारखेला त्या नेहमीसारख्या सात दहाला येऊन गेल्या. पावणेनऊला पुन्हा बेल वाजली. मी दार उघडलं तर सगुणाबाई, धापा टाकत. स्कूटी खाली गेटातच आडवी लावलेली, रखवालदार ओरडत होता. मला वाटलं काहीतरी विसरल्या.

"काय राहिलं?"

"दुधाचं बोलायचं नाय म्हनला व्हता ना? नाय बोलत." त्यांनी कमरेचा रुमाल सोडला. आत प्लॅस्टिकचा एक पांढरा चमचा होता. "चमच्याचं बोलते. त्येला तर बंदी नाय?"

"हा कुणाचा?"

"दांडगीचा. तेजस्विनीताईंकडं बी हेच निळं खोकं हाय. मला वाचता येत नाय पन निळं कळतं. रोज बगते, ती ह्यो चमचा घालती. तुमचा येवढाच्या येवढा." बोटाच्या पेरावर त्यांनी माप दाखवलं. "म्या काल बगितलं, परवा बगितलं. म्हनलं आपलेच डोळे फुटले का काय. तवा आज मागूनच आनला. धुतला हाय. पन काकू, बिगीबिगी, तिची नवाची बाटली हाय, त्याच्या आत न्यायचाय मला. ती पोरगी लय दांडगी, खोली डोक्यावर घेती."

मी म्हटलं, "चमचा कंपनीचाच आहे." हे बोलताना मी स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा होते.

पावडर मी खोक्यात कधीच ठेवत नाही. मुंग्या लागतात, ओल धरते. आमच्या घरात काहीही आलं की पहिल्यांदा स्टीलच्या डब्यात जातं. साखर, रवा, कॉफी आणि बाळाची पावडरसुद्धा. डबा जुनाच होता, आधीच्या पावडरीचा, धुऊन उन्हात वाळवलेला. आणि त्यात चमचा होता. जुना, धुतलेला, वाळवलेला, हाताला सवय झालेला.

मी तो चमचा भरला, सुरीने सपाट केला आणि दांडगीच्या चमच्यात ओतला. अर्धाच भरला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. काठोकाठ झाला.

सगुणाबाई ओट्याला टेकून बघत होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"दोन," मी म्हटलं.

"मंग दोनाच्या जागी चार घाला की. का इचारायचंय कुनाला?"

अकरा दिवस. अकरा दिवस मी नव्या तक्त्याप्रमाणे जुन्या चमच्याने मोजत होते. आकडे बरोबर, कार्ड बरोबर, मिली बरोबर, आणि बाळाच्या पोटात अर्धं पाणी. लंगोटांची संख्यासुद्धा माझ्या वहीत होती, रोजचे चौदा, आधी नऊ असायचे. ते मी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, "चांगलं लक्षण."

मी चार चमचे घातले. सपाट करताना पावडर ओट्यावर सांडली. सगुणाबाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं, हलवली, मनगटावर थेंब पाडला. यावेळी थेंब जागीच बसला. त्यांनी तो चाटला. "आता हाय दूध," म्हणाल्या, आणि चमचा रुमालात गुंडाळून जिना उतरल्या. खालून रखवालदाराशी त्यांचं भांडण ऐकू आलं. "तुझी सायेब लोकं दोन मिंट थांबत्याल! हितं लेकरं उपाशी हायती!"

बाळ छायाजवळ कुरकुरत होतं. मी बाटली छायाच्या हातात दिली. तिने पाजली. बाळ सुरुवातीला घाईने ओढत होतं, मग सावकाश झालं, मग मधेच थांबून तिच्याकडे बघत राहिलं. वीस मिली उरले. अकरा दिवसांत पहिल्यांदा बाटलीत काही उरलं होतं. मूठ तोंडाकडे गेली नाही. ती उघडली आणि छायाच्या गाऊनवर तशीच पडून राहिली.

"आई," छाया हळूच म्हणाली, "झोपलं. शोधलं नाही त्याने."

मला तेव्हा सांगायचं नव्हतं. वाटलं, वजन वाढू दे, मग सांगू. वाटलं, सांगायची गरजच काय, सुधारलं ना. मी बाहेर जाऊन वही उघडली, आजची नोंद करायला, आणि मागची पानं चाळली. सहा तारखेला, सकाळी, माझ्याच अक्षरात होतं: "नवं खोकं उघडलं. आतला नवा चमचा मोठा आणि मजबूत आहे, धुण्याच्या पावडरीला उपयोगी पडेल. तिकडे ठेवला."

मी धुण्याच्या यंत्राजवळ गेले. चमचा होता. निळसर पावडरीत उभा रोवलेला, अकरा दिवस आमचे लंगोट धूत.

तो घेऊन मी छायाकडे गेले आणि सांगितलं. सगळं, वहीतल्या वाक्यासकट.

तिने आधी बाळाकडे बघितलं, मग चमच्याकडे. मला वाटलं होतं ती रडेल. रडली नाही. आवाज न चढवता, बाळ जागं होऊ नये म्हणून कुजबुजत, मला बोलली. "मी रोज म्हणत होते माझ्यामुळे आहे. रोज. आणि तू माझ्यासमोर उभी राहून चमचा सपाट करत होतीस."

"मला माहीत नव्हतं, छाया."

"सगुणाबाईंना माहीत होतं. तू त्यांना गप्प बसवलंस."

मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन करते." ती म्हणाली, "मी करते." आणि केला.

डॉक्टरीणबाईंनी एकामागून एक प्रश्न विचारले: बाळ सुस्त आहे का, झटके आले का, नजर स्थिर आहे का. नाही, नाही, आहे. आजच आणून दाखवा, म्हणाल्या. रविवार असून त्यांनी दवाखाना उघडला. बाळाला उलटंपालटं करून तपासलं, सगळं ठीक निघालं. योग्य प्रमाणात द्या, सोमवारची रक्ततपासणी आता नको, आठ दिवसांनी वजन बघू. निघताना मला म्हणाल्या, "आजी, चूक माझीही आहे. मी मिली विचारले. चमचा कुठला ते विचारलं नाही." त्यांनी हे चांगुलपणाने म्हटलं. मला वहीचं कौतुक आठवलं आणि ती पिशवीतून बाहेर काढावीशी वाटली नाही.

छाया दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. बाटल्या ती करायला लागली. टाक्यांना ओढ बसायची तरी ओट्याशी उभी राहायची. मी "बस, मी करते" म्हटलं की नुसती मान हलवायची. मला त्या ओट्याशी जायची परवानगी नव्हती आणि मी मागितली नाही. निळं खोकंही आता तसंच खोक्यात राहतं, तोंडाला चिमटा लावून. मुंग्या अजून लागलेल्या नाहीत.

सगुणाबाईंची मी सोमवारीच माफी मागितली. नीट वाक्यं तयार करून मागितली. त्यांनी तेलाची वाटी ठेवली, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "ते जाऊं द्या. मधाचं बोट देऊ का आता?"

"नाही!"

"बरं, बरं. गुटी?"

मी न्हाणीघरातून बाहेर पडले.

चोवीस तारखेला बाळाचं वजन चार किलो नऊशे ऐंशी आलं. अकरा दिवसांत साडेतीनशे ग्रॅम. छायाने यंत्राचा फोटो काढून रवीला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॉलनीतल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या नातीला न्हाऊ घालायला सगुणाबाई जातात. त्या विचारत होत्या, सगुणाबाई हल्ली घरात शिरल्या की आंघोळीच्या आधी पावडरीचा चमचा बघायला मागतात, तुमच्याकडेही मागतात का? कुण्या एका घरी म्हणे फार शिकलेल्या आजीने बाळाला धुण्याच्या पावडरीच्या चमच्याने दूध दिलं.

पुढच्या सकाळी सगुणाबाई आल्यावर मी त्यांना दारातच धरलं. "सगुणाबाई, तुम्ही हे सगळीकडे सांगताय?"

"सांगनारच. सात घरं हायती माझी. आनखी कुनाचं आसं झालं तर?"

"आणि उलटं सांगताय! धुण्याचा चमचा दुधात नव्हता, दुधाचा चमचा धुण्यात होता!"

"येकच की."

"एकच नाही! आणि माझं नाव कशाला घेता?"

त्या खरोखर दुखावल्या. पाट सरकवता सरकवता म्हणाल्या, "नाव कुठं घेते? तुमची अब्रू मला नाय का? म्या नुसतं म्हनते, ती डायरीवाली."

आतल्या खोलीत छाया हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग टाक्यांवर हात दाबून, "आई गं, दुखतंय," म्हणत हसत राहिली. बारा-तेरा आठवड्यांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी हसले नाही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बाळ तिच्या कुशीत होतं, सहा चाळीसची बाटली पिऊन झोपलेलं. तिच्या हसण्याने ते एकदा दचकलं, ओठ हलवले, आणि तसंच झोपून राहिलं.

"उठवा त्येला," सगुणाबाई न्हाणीघरातून ओरडल्या. "पानी निवायलंय."

"राहू द्या," मी म्हटलं. "आज पाणी पुन्हा तापवू."